लॉगिन झाले, फाइल कुठे अडली?

रात्री ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप सुरू होते, दिवसभराची फाइल वेब सर्व्हरवर चढवू लागते आणि मध्येच अडते. सर्व्हरने नाव आणि पासवर्ड स्वीकारलेला असतो, फोल्डरही सापडलेला असतो, तरी फाइल काही पोचत नाही. नोंदीत एकच ओळ उरते : 'अपलोड अयशस्वी'. मग पासवर्ड बदलून पाहा, स्क्रिप्टच्या ओळी खालीवर करून पाहा, असे चाचपडणे सुरू होते. वास्तविक बिघाड नेमका कुठे आहे, हे सर्व्हरने बहुतेक वेळा सांगितलेले असते. स्क्रिप्टने ते टिपून ठेवलेले नसते, एवढेच. ते ऐकायचे, तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अशा फाइली पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीत जोडणी एक नसते, दोन असतात.

एफटीपीचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये 'आरएफसी ११४' या टिपणात मांडला. आज प्रमाण मानला जाणारा मसुदा, 'आरएफसी ९५९', जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये लिहिला. त्यानुसार हुकूम आणि उत्तरे सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात, तर फाइलसाठी दर वेळी दुसरी वाट उघडली जाते. मूळच्या 'अ‍ॅक्टिव्ह' पद्धतीत आपला संगणक 'मी अमुक पोर्टवर थांबलो आहे' असे कळवतो आणि सर्व्हर उलट त्याच्याकडे जोडणी करतो. कोणताही संगणक कोणत्याही संगणकापर्यंत थेट पोचू शकतो, हे त्या काळाचे गृहीतक यामागे आहे. १९९० च्या दशकात ते कोसळले. पत्ते कमी पडू लागले म्हणून अनेक संगणक राउटरच्या एकाच पत्त्याआड गेले आणि सुरक्षेसाठी फायरवॉल आल्या. सोसायटीचा रखवालदार आतल्या माणसाला बाहेर जाऊ देतो, पण बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाला थांबवतो; फायरवॉलही तेच करते. त्यामुळे लॉगिन होते आणि उलट येणारी फाइलची जोडणी फाटकावरच अडते.

यावरचा उपाय 'पॅसिव्ह' पद्धत. तिच्यात दोन्ही जोडण्या आपल्याच बाजूने सुरू होतात. सर्व्हर २२७ हा क्रमांक आणि त्यापुढे सहा आकडे पाठवतो. पहिले चार म्हणजे पत्ता, शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. शेवटी १९५ आणि ८० आले, तर १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे पोर्ट ५००००. इथे दोन खोडी संभवतात. तो पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये बंद असू शकतो. किंवा सर्व्हर स्वतःच राउटरच्या आड असेल, तर १९२.१६८ ने सुरू होणारा, बाहेरून न पोचता येणारा पत्ता कळवतो. दोन्हींचे लक्षण एकच, वाट पाहून थकलेली स्क्रिप्ट. पण सहा आकड्यांची ती ओळ नोंदीत असेल, तर चुकीचा पत्ता वाचताक्षणी दिसतो.

म्हणूनच तीन अंकी उत्तरे हा खरा पुरावा आहे. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर तोच हुकूम तसाच पुन्हा पाठवून उपयोग नाही. ५३० आला, तर दोष लॉगिनमध्ये. ५५० किंवा ५५३ आला, तर फाइलचे नाव, फोल्डर किंवा परवानगी तपासावी. ४२५ म्हणजे फाइलची वाट उघडलीच नाही. तिथे पासवर्ड बदलणे व्यर्थ. सर्व्हरवर शून्य बाइटची फाइल दिसली, तर तीही साक्षच : नाव आणि परवानगी ठीक होती, मजकूर मात्र आला नाही. पूर्ण आकाराची फाइल पोचूनही स्क्रिप्ट ताटकळत असेल, तर मोठ्या फाइलच्या वेळी निष्क्रिय राहिलेली हुकमांची जोडणी मधल्या राउटरने तोडली असण्याचा संभव असतो.

यावर कोणी म्हणेल, फाइलझिला या तयार एफटीपी प्रोग्रॅममधून तीच फाइल त्याच सर्व्हरवर जाते, म्हणजे दोष स्क्रिप्टचाच. तर्क बिनतोड वाटतो, पण अपुरा आहे. फाइलझिला मुळात पॅसिव्ह पद्धत वापरते आणि सर्व्हरने न पोचता येणारा पत्ता दिला, तर त्याऐवजी सर्व्हरचा बाहेरचा पत्ता घेते. पीएचपी भाषेतल्या स्क्रिप्टमध्ये मात्र पॅसिव्ह पद्धत लॉगिननंतर वेगळा हुकूम देऊन सुरू करावी लागते. पायथनच्या एफटीपी लायब्ररीत ती आधीच सुरू असते. म्हणजे तुलना दोन प्रोग्रॅमची नसून दोन पद्धतींची झालेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पासवर्ड उघडा पाठवणारी एफटीपी ही जुनी पद्धत सोडूनच का देऊ नये? जिथे शक्य आहे तिथे जरूर सोडावी. एसएफटीपी सगळे काम पोर्ट २२ वरच्या एकाच सांकेतिक जोडणीतून करते, त्यामुळे दुसऱ्या वाटेचा प्रश्नच मिटतो. पण नावात साम्य असलेल्या एफटीपीएसमध्ये दोन वाटा कायम राहतात आणि अडचण उलट वाढू शकते. काही राउटर साध्या एफटीपीतली पत्त्याची ओळ वाचून त्यानुसार वाट मोकळी करतात. सांकेतिक झालेली ओळ त्यांना वाचता येत नाही. साधी जोडणी चालते आणि सुरक्षित जोडणी अडते, याचे हे एक कारण. शिवाय परवानगी नाकारली जाणे किंवा जागा संपणे हे एसएफटीपीतही घडतेच. पद्धत बदलली, तरी पुरावा वाचण्याची गरज संपत नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती नोंदवहीची. पासवर्ड वगळून प्रत्येक हुकूम आणि त्याचे उत्तर स्क्रिप्टने जसेच्या तसे लिहून ठेवावे. फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवावी. २२६, म्हणजे काम पूर्ण झाल्याचे उत्तर, आले आणि दोन्हीकडचा आकार जुळला, की मगच तिला खरे नाव द्यावे. आपल्याकडची मूळ प्रत पुसायचा अधिकार स्क्रिप्टला त्यानंतरच मिळतो, त्याआधी नाही.