तेल गेलं, गुण चोथ्यात

स्पेनच्या आंदालुसियात हिवाळ्यात ऑलिव्हचे घाणे सुरू झाले की तेलामागे उरतो ‘आल्पेरुहो’: साल, गर, बियांचा चुरा आणि पाणी यांचा काळपट, कडवट लगदा. शेतात तसाच पसरला तर पिकांना बाधतो. गंमत अशी, की या उपद्रवात ज्यांचा हात असतो, ती फिनॉलवर्गीय द्रव्यंच उत्तम अँटिऑक्सिडंट असतात. फळातल्या त्यांच्या साठ्यापैकी जेमतेम १-२ टक्के भाग तेलात उतरतो. बाकीचा चोथ्यापाण्यात जातो. सेव्हिलच्या ‘इन्स्तितुतो दे ला ग्रासा’ या संशोधन संस्थेने दाबाखालच्या वाफेने लगदा तापवून त्यातलं हायड्रॉक्सीटायरोसॉल हे फिनॉल मोकळं करण्याची पद्धत बसवली. ते त्वचेच्या क्रीममध्येही घालतात; तिथे ते क्रीमच्याच तेलाला खवट होण्यापासून वाचवतं. सुरकुत्या पुसण्याचे दावे मात्र जपूनच वाचा.