कैवार आणि प्रमाण : पिंजऱ्यातील कोंबडीचा प्रश्न

मराठीत गुराढोरांचा उल्लेख 'मुकी जनावरे' असा करण्याचा प्रघात आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी बोलले पाहिजे, असा अर्थ त्या शब्दप्रयोगात गर्भित आहे. परंतु कैवार घेणाऱ्याच्या म्हणण्याला आधार कोणता, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. उलट अधिक बिकट होतो. मनुष्य आपल्या वकिलाची चूक दाखवून देऊ शकतो. कोंबडीला ते शक्य नाही. म्हणूनच उत्पादनासाठी पाळलेल्या प्राण्यांच्या कैवाराला संशोधनाची जोड कशी मिळते, हे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या उदाहरणावरून पाहणे उद्बोधक ठरेल.

इंग्लंडमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन यांचे 'ॲनिमल मशीन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कारखानी पशुपालनावरील त्यातील टीकेने लोकमत क्षुब्ध झाले आणि सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६५ च्या अहवालात समितीने अनेक सुधारणा सुचविल्या. त्यांपैकी एक अशी की, पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी तारेची जाळी वापरू नये, जाड तारेची वापरावी. बारीक तार पायाला रुतत असेल, हे अनुमान मनुष्याच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. परंतु १९७३ साली ह्यूज व ब्लॅक यांनी कोंबड्यांपुढेच दोन्ही पर्याय ठेवले, तेव्हा त्यांनी बारीक जाळीच अधिक पसंत केली; तीवर पावलाला अधिक ठिकाणी आधार मिळतो. सद्हेतू आणि सद्ज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

तथापि प्राण्याची निवड हे अंतिम प्रमाण मानणेही घाईचे होईल. मेरियन डॉकिन्स यांच्या १९७७ मधील प्रयोगांत पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांनी आरंभी पिंजराच निवडला; मोकळ्या जागेचा थोडा अनुभव मिळताच त्यांची निवड पालटली. म्हणजे सवय ही आवडीचे रूप घेऊ शकते. यासाठी पुढील संशोधकांनी केवळ निवड न पाहता, एखादी वस्तू मिळविण्यासाठी प्राणी किती कष्ट सोसतो हे मोजले. अंडे घालण्याची वेळ जवळ आली की घरट्यापर्यंत पोचण्यासाठी कोंबडी अरुंद फटीतून शिरते, जड दार ढकलते. घरटे ही तिची चैन नसून निकड आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघतो.

मोजमापाचे महत्त्व जागेच्या प्रश्नात विशेष प्रत्ययास येते. १९८९ साली डॉकिन्स व हार्डी यांनी कोंबडीच्या एकेका क्रियेला सरासरी किती जागा लागते ते मोजले : नुसते उभे राहण्यास ४७५ चौ. सें.मी., वळण्यास १२७२, पंख फडफडविण्यास १८७६. त्या दशकात युरोपातील नियमांनी ठरविलेली किमान जागा ४५० चौ. सें.मी. होती. 'क्रूरता' या शब्दाविषयी वाद घालता येतो. या दोन आकड्यांतील अंतराविषयी तो घालणे कठीण. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशाने जुन्या पद्धतीचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून निषिद्ध ठरले; नव्या पिंजऱ्यांत ७५० चौ. सें.मी. जागा, घरटे व बसण्यास दांडी आवश्यक झाली.

संशोधनाचा दुसरा विषय म्हणजे प्रत्यक्ष मनुष्य. २००८ साली कॅलिफोर्नियातील सुमारे ६३ टक्के मतदारांनी कोंडवाड्यांविरुद्ध मत दिले. परंतु बाजारात पिंजरामुक्त अंडी घेणारे ग्राहक त्या मानाने फारच थोडे होते. मतदार आणि ग्राहक या एकाच व्यक्तीच्या दोन भूमिका आहेत, आणि त्यांत विसंगती असते. यावरून कायदा व मोठे खरेदीदार यांच्याकडे लक्ष वळविणे अधिक फलदायी, असा धडा प्रचारकांना घेता येतो. शब्दांचा प्रभावही असाच तपासता येतो. कुन्स्ट व होल यांच्या २०१६ मधील अभ्यासात खाद्यपदार्थांच्या यादीतील मांसवाचक इंग्रजी नावांच्या जागी 'गाय', 'डुक्कर' हे शब्द घालताच वाचकांची मांस खाण्याची इच्छा कमी झाली.

प्रमाणाचा आश्रय घेणाऱ्याला ते प्रतिकूल असले तरी स्वीकारावे लागते. मोकळ्या पद्धतीत कोंबड्या परस्परांची पिसे उपटतात, दांड्यांवरून पडून छातीचे हाड मोडते, असे आढळले आहे. १६ देशांतील हजारो कळपांच्या माहितीचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मोकळ्या पद्धतीतील मृत्यू त्या पद्धतीचा अनुभव वाढेल तसे घटत जातात, असे त्यात दिसून आले. हे दोष लपविणारा प्रचार आज यशस्वी झाला, तरी उद्या अविश्वासास पात्र ठरतो.

भारतात या विवेचनाला व्यावहारिक अर्थ आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार, प्राण्याला हालचालीस वाजवी वाव मिळणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा अपराध आहे. विधि आयोगाने २०१७ मधील २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवासाचाच विचार केला. 'वाजवी' या विशेषणाचा अर्थ मात्र कोशात सापडणार नाही. तो वर दिलेल्या प्रकारच्या मोजणीतूनच भरावा लागतो. प्राण्याविषयी आपले कर्तव्य आहे किंवा नाही, हे संशोधन ठरवीत नाही. तो नीतीचा प्रांत आहे. कर्तव्य एकदा मान्य केल्यावर ते कोणत्या मागणीने पार पडेल आणि कोणत्या मागणीने केवळ आपले समाधान होईल, हा विवेक मात्र संशोधनावाचून संभवत नाही.