दोर लहान, कडा मोठा

शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे दिसतात, ते पुरात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेले आहेत. तीच कुकडी उलट दिशेने धरून उगमाकडे गेलात, तर नाणेघाटाजवळ जीवधन किल्ल्याला लागून वानरलिंगीचा सुळका दिसतो. उंची 350 फुटांच्या आसपास. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच हा खडक. शिरूर-दौंडकडे विहीर खणताना पायाखाली लागणारा काळा पाषाणही त्याच कुळातला!

आता गंमत पाहा. चढाईचा दोर साधारण 60 मीटरचा, म्हणजे 200 फुटांहूनही कमी. दोर लावायला माथ्यावर आधी कोणी गेलेले नाही, वरून दोर सोडलेला नाही. मग असा सुळका चढतात कसा?

उत्तर आहे टप्प्याटप्प्याने. अशा एका टप्प्याला पिच म्हणतात आणि या पद्धतीला मल्टिपिच चढाई. दोराची दोन टोके दोघांच्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या भक्कम पट्ट्याला, बांधलेली असतात. पहिला चढू लागतो आणि खालचा त्याला बिले देतो, म्हणजे स्वतःच्या हार्नेसवरच्या उपकरणातून दोर हळूहळू सोडतो. पहिला वाटेत खडकाच्या भेगांत आधार बसवतो किंवा आधीच ठोकलेला बोल्ट शोधतो आणि कॅराबिनरने, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने, त्यात दोर अडकवत जातो. उभे राहण्याजोगी जागा आली की दोन-तीन भक्कम आधार एकत्र बांधून तो मुक्काम तयार करतो, स्वतःला त्यात अडकवतो आणि वरून जोडीदाराला बिले देतो. दुसरा वाटेतले काढता येणारे आधार काढत वर येतो. दोघे एकत्र आले की पुढचा टप्पा सुरू. सुरवंट जसा अंग लांबवत, आवळत पुढे सरकतो, तसा हा दोर कडा चढतो.

मुक्कामाच्या जागा बऱ्याचदा सह्याद्रीनेच करून ठेवलेल्या असतात. लाव्हाच्या प्रत्येक थराचा गाभा टणक असतो, तर माथा वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. हा माथा लवकर झिजतो आणि कड्यावर आडवे टप्पे पडतात. याच झिजेमुळे सुटे दगडही निखळतात, म्हणून हेल्मेट डोक्यावर हवेच.

सगळ्यात थक्क करणारे गणित पडण्याचे आहे. शेवटच्या आधारापासून 2 मीटर वर गेलेला माणूस सुटला, तर दोर ताणण्याआधी तो 4 मीटर खाली येतो. त्या वेळी 20 मीटर दोर बाहेर असेल, तर तेवढा सगळा दोर ताणला जाऊन झटका पचवतो. पण मुक्कामावरून नुकताच निघालेला माणूस एकही आधार न लावता 2 मीटर वरून पडला, तर तेच 4 मीटरचे पडणे अवघ्या 2 मीटर दोराला झेलावे लागते. अंतर तेच, झटका मात्र कितीतरी जबर. म्हणूनच मुक्काम सोडताच पहिला आधार लावायचा असतो.

उतरतानाही हिशेब लागतो. मुक्कामातून ओवून दुहेरी सोडलेला 60 मीटरचा दोर 30 मीटरच उतरवतो. दोन दोर एकमेकांना बांधले, तर पूर्ण 60 मीटर. सगळे खाली आल्यावर एक टोक ओढून दोर परत मिळवायचा.

या साऱ्याचे मर्म एवढेच, की एका वेळी एकच जण चढतो आणि दुसरा त्याचा जीव सांभाळतो. गाठी, बिले आणि मुक्काम बांधणे या गोष्टी वाचून येत नाहीत. त्या शिकायला पुण्यात गिरिप्रेमीसारख्या गिर्यारोहण संस्था आहेत. शिरूर-दौंडच्या तरुणांनी जाणत्यांच्या हाताखाली आधी लहान कातळावर शिकावे आणि पहिल्या मोठ्या सुळक्यावर दुसऱ्या क्रमांकाने चढावे. आघाडी घेण्याचा हक्क त्यानंतरचा.