शुभदृष्टी आणि अंतरपाट : अनुरागाची तीन द्वारे

कोलकात्यातील बंगाली विवाहविधीत एका क्षणाला 'शुभदृष्टी' असे नाव आहे. पाटावर बसलेल्या वधूला उचलून तिचे भाऊ वराभोवती सात फेरे घालतात. वधूने विड्याच्या पानांनी चेहरा झाकलेला असतो. शंख वाजतात, स्त्रिया उलुध्वनी करतात आणि मग पाने दूर होऊन दृष्टादृष्ट होते. सभोवार रजनीगंधाचा, म्हणजे आपल्या निशिगंधाचा, दरवळ असतो. मराठी वाचकाला येथे अंतरपाट आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही मंगलाष्टके कानी पडत असतात, फुलांचा गंध येत असतो. अडवलेली असते ती केवळ दृष्टी. दोन्ही प्रांतांच्या विधींनी डोळ्यांना कानांमागून येण्यास सांगितले, हे विचार करण्याजोगे आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने 'पूर्वराग' या अवस्थेचा विचार करताना त्याची दोन कारणे मानली : श्रवण आणि दर्शन. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त दूत, बंदी वा सखी यांच्या मुखातून होणारे श्रवण आणि चित्रात, स्वप्नात, इंद्रजालात वा प्रत्यक्ष होणारे दर्शन असा विस्तार आहे. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तील रुक्मिणी कृष्णाचे गुणवर्णन ऐकूनच अनुरक्त होते. चंडीदासाची राधा श्यामाच्या नावानेच व्याकुळ होते. या यादीत गंधाला स्थान नाही. महाभारतकारांना मात्र त्याचे सामर्थ्य ठाऊक होते. यमुनातीरी अपूर्व सुगंधाचा माग काढीत गेलेल्या शंतनूला सत्यवती दिसली, ती त्यानंतर.

आधुनिक विज्ञान या तिन्ही द्वारांविषयी काय सांगते? दृष्टी सर्वांत त्वरित निर्णय देते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक दशांश सेकंद चेहरा पाहून लोकांनी त्याच्या आकर्षकतेविषयी, इतकेच नव्हे तर विश्वासार्हतेविषयीही मत बनवले. अधिक वेळ दिल्यावर ते मत फारसे बदलले नाही. त्यावरील त्यांचा भरवसा तेवढा वाढला. आवाज कालाच्या ओघात उलगडतो. त्यातून वय, मनःस्थिती, आस्था आणि अधीरता कळते. गंधाचा मार्ग निराळाच आहे. रूप व ध्वनी यांच्या संवेदना मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. गंधाची संवेदना तेथे न थांबता भावना व स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत पोचते. एखादा वास वर्षांनंतरही एखादे माणूस समोर उभे करतो, त्याचे हे एक कारण मानले जाते.

गंधाच्या या भाषेचा अभ्यास कोलकात्यातही झाला. भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या गंधखुणांवर दीर्घकाळ काम केले. बासमती तांदळाला सुवास देणारे संयुगच वाघाच्या गंधद्रवात आहे, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. या द्रवाने वाघ आपली हद्द सांगतो आणि वाघीण मीलनाची उत्सुकताही. माणसाच्या बाबतीत मात्र असा निश्चित अर्थाचा कामगंध निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. बर्न येथे १९९५ मध्ये पुरुषांनी दोन रात्री घातलेले सुती सदरे स्त्रियांना हुंगावयास दिले, तेव्हा प्रतिकारशक्तीची जनुके आपल्याहून भिन्न असणाऱ्यांचा वास त्यांना अधिक रुचला. पुढील प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. तेव्हा गंध माणसाला ओढतो, पण हुकूम करीत नाही, इतकेच म्हणणे योग्य.

असे असता आपल्या व्यवहाराने सारा भार एकट्या दृष्टीवर टाकला. मराठीत 'मुलगी पाहणे' आणि बंगालीत 'मेये देखा', शब्दसुद्धा एकच. त्या पाहण्यात रंग उजळ की सावळा याची नोंद होते आणि घटकाभरात एका मुलीचे मोल ठरते. आज छायाचित्रावरून तर तेवढाही अवधी लागत नाही. जे इंद्रिय सर्वांत घाईचे, त्यालाच आपण न्यायाधीश केले आहे; आणि नकार मिळालेली मुलगी तो निकाल वर्षानुवर्षे मनात वागवते.

रवींद्रनाथांच्या 'दृष्टिदान' या कथेची नायिका पतीच्या चुकीच्या उपचारांनी अंध होते, आणि पुढे शब्द, गंध व स्पर्श यांच्या आधारे संसार सांभाळते. डोळस पती तिच्यापासून दूर जाऊ लागतो, ते या अंध स्त्रीला आधी जाणवते. डोळे असणे म्हणजे पाहणे नव्हे, हे ती कथा आपल्याला दाखवते. अंतरपाट धरणाऱ्या आपल्या पूर्वजांचा हेतू काय होता, ते सांगता येणार नाही. परंतु दृष्टीला क्षणभर थांबवून कान आणि नाक यांना आधी साक्षीला बोलवावे, एवढा बोध त्या वस्त्रातून आणि त्या विड्याच्या पानांतून आपल्याला आजही घेता येईल.