मापात बसलेला बोल्ट

मिहानमधील विमानदुरुस्तीच्या कारखान्यांत नोकरी लागावी अशी उमेद बाळगणाऱ्या मौद्याच्या तरुणांशी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या वडीलधाऱ्यांशी, सुट्या भागांविषयी बोलू लागले की एक वाक्य हटकून ऐकावयास मिळते: ‘भाग मापात बसला, यंत्र चालले, मग कागदाचे एवढे अवडंबर कशाला?’ भंडारा रस्त्यावरील ट्रकच्या गॅरेजात ही वहिवाट खपून जात असेल. विमानाच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे, आणि सातबारा व फेरफार डोळ्यांखालून घातल्याखेरीज एकरभर जमिनीचा इसारही न देणाऱ्या माणसांनी हे वाक्य पुनःपुन्हा उच्चारावे याचा आता उबग येऊ लागला आहे.

बोल्टाच्या पोलादावर उष्णतेचे संस्कार यथायोग्य झाले की नाहीत, अथवा इंजिनातील एखाद्या चकतीने आजवर किती उड्डाणे सोसली, हे बसविणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत नाही व त्याच्या हातातील मापकासही कळत नाही. त्याची साक्ष देतो तो दस्तऐवजच: भाग वापरास योग्य असल्याचा ‘सीए फॉर्म 1’ हा दाखला आणि, आयुर्मर्यादा ठरलेल्या भागांच्या बाबतीत, निर्मितीपासूनची अखंड नोंद. 8 सप्टेंबर 1989 रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गकडे निघालेले पार्टनेअरचे कॉन्व्हेअर 580 डेन्मार्कच्या किनाऱ्यानजीक समुद्रात कोसळले आणि त्यातील 55 ही माणसे दगावली, तेव्हा शेपटीचा उभा पंख जोडणारे बोल्ट बनावट व आवश्यक तेवढे कठीण नसलेले निघाले. मापात ते बसलेच होते. विमान त्यांच्या भरवशावर उडतही होते.

‘दाखलाच खोटा निघाला तर?’ ही शंका मात्र रास्त आहे. एओजी टेक्निक्स या लंडनच्या पेढीने सीएफएम 56 इंजिनांचे भाग बनावट दाखल्यांनिशी विकल्याचे 2023 मध्ये उघडकीस आले, ते पोर्तुगालच्या ‘टॅप’ कंपनीतील दुरुस्ती विभागाने, नवा म्हणून आलेला एक लहानसा भाग वापरलेला दिसताच, थेट साफ्रान या इंजिननिर्मात्या कंपनीकडे विचारणा केली म्हणून. खोट्या दाखल्यावरील इलाज दाखल्याची पद्धत मोडणे हा नसून, देणाऱ्याच्या दप्तरी त्याची शहानिशा करणे हा आहे.

आता किरकोळ समज.

‘जुना भाग म्हणजे त्याज्य.’ नव्हे, मोडीत काढलेल्या विमानाचा भागही रीतसर तपासणी व दाखला असल्यास राजरोस वापरता येतो.

‘मूळ कंपनीने दुरुस्त केले, म्हणजे निर्धास्त.’ जपान एअरलाइन्सच्या 747 विमानात 1978 साली बोईंगच्याच माणसांनी एकसंध जोडपट्टीच्या जागी दोन तुकडे बसविले. 12 ऑगस्ट 1985 रोजी मागील दाबरोधक भिंत तेथे फाटली आणि 520 जण प्राणास मुकले.

‘संशयित भाग पुरवठादारास परत केला की सुटलो.’ मुळीच नाही. तो दुसऱ्याच्या गळ्यात जाईल. चिठ्ठी बांधून तो कुलपाआड वेगळा ठेवावा, डीजीसीएला वर्दी द्यावी, आणि बाद ठरल्यास भंगाराच्या काट्यावर चढण्यापूर्वी कापून निकामी करावा. कारण अखंड राहिलेला बाद भाग घासूनपुसून पुन्हा बाजारात यावयास फारसा अवधी लागत नाही.