अनेक चलांचं कॅल्क्युलस: ऐकीव समज आणि खऱ्या अडचणी

बारावीपर्यंत कॅल्क्युलस मनापासून आवडणारी कितीतरी मुलं इंजिनिअरिंगच्या किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात त्याच विषयाला घाबरायला लागतात. पुण्याकडे एम-वन, एम-टू, एम-थ्री अशी या पेपरांची नावं. पार्शल डेरिव्हेटिव्ह एकात, डबल-ट्रिपल इंटिग्रल दुसऱ्यात, व्हेक्टर कॅल्क्युलस तिसऱ्यात, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली. पेपर राहिला की मुंबईत त्याला केटी म्हणतात, पुण्यात बॅकलॉग. धास्ती दोन्हीकडे सारखीच. या विषयाबद्दल सीनिअर मंडळी हॉस्टेलवर जे सांगतात त्यातलं बरंच चुकीचं असतं, आणि विषय अवघड होतो तो मुख्यतः त्या सल्ल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे समज एकेक करून तपासून बघू.

“बारावीचंच आहे, फक्त चल एकाऐवजी दोन-तीन”

सर्वांत जास्त नुकसान या समजाने होतं. एकाच चलाचं फंक्शन असतं तेव्हा बिंदूकडे जायच्या वाटा दोनच: डावीकडून आणि उजवीकडून. दोन्हीकडून एकच किंमत आली की लिमिट आहे. दोन चलं आली की आपण प्रतलावर असतो आणि बिंदूकडे असंख्य वाटांनी जाता येतं, सरळ आणि वाकड्याही.

एक नेहमीचं फंक्शन घ्या: क्ष गुणिले य, भागिले (क्ष² + य²). शून्यबिंदूपाशी त्याची किंमत ० धरू. क्ष-अक्षावरून शून्याकडे जा, किंमत सतत ०. य-अक्षावरून जा, तरी ०. त्यामुळे दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह तिथे आहेत आणि दोन्ही ० आहेत. आता तिरक्या रेषेने या. क्ष = ०.०१, य = ०.०१ ठेवलं तर वर ०.०००१ आणि खाली ०.०००२, म्हणजे किंमत ०.५. आणखी जवळ गेलात तरी ०.५ च. लिमिटच नाही, मग कंटिन्युइटी कुठली? बारावीत आपण शिकलो की डेरिव्हेटिव्ह असेल तर फंक्शन कंटिन्युअस असतंच. इथे दोन्ही पार्शल असूनही ते कंटिन्युअस नाही.

परीक्षेत मुलं य = एम गुणिले क्ष ठेवतात, एम निघून गेला की ‘लिमिट एक्झिस्ट्स’ लिहून मोकळी होतात. हेही पुरेसं नाही. क्ष² गुणिले य, भागिले (क्ष⁴ + य²) हे फंक्शन बघा. शून्यातून जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर लिमिट ० येतं. पण य = क्ष² या पॅराबोलावरून आलात तर सगळीकडे किंमत ०.५. सगळ्या सरळ रेषा तपासूनही वक्र वाट निसटते. वाटा तपासून लिमिट ‘नाही’ हे सिद्ध करता येतं. ‘आहे’ हे सिद्ध करायला अंतराच्या भाषेत अंदाज बांधावा लागतो. एवढा एक फरक पहिल्या महिन्यात समजला तर पुढचं खूप सोपं जातं.

“दोन्ही पार्शल शून्य म्हणजे मॅक्झिमम किंवा मिनिमम”

हे खरं नाही, हे ट्रेकला जाणाऱ्याला लवकर कळतं. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट उघडा. समान उंचीच्या तपकिरी रेषा, दोन लगतच्या रेषांत २० मीटरचा फरक. उंची हे दोन चलांचं फंक्शन आणि त्या रेषा त्याचे लेव्हल कर्व्ह. दोन डोंगरांमधली खिंड शोधा. डोंगरधारेवरून चालणाऱ्याला खिंड हा सर्वांत खालचा बिंदू, आणि कोकणातून देशावर चढणाऱ्याला सर्वांत वरचा. उतार तिथे सगळ्या दिशांना शून्य, तरी तो माथाही नाही आणि तळही नाही. पुस्तकात यालाच सॅडल पॉइंट म्हणतात.

म्हणून सेकंड डेरिव्हेटिव्हची टेस्ट येते. तिचं उत्तर ० आलं तर टेस्ट काहीच सांगत नाही, हेही मुलं विसरतात. इटालियन गणिती जुसेप्पे पेआनो यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक उदाहरण आहे: (य − क्ष²) गुणिले (य − २क्ष²). शून्यातून जाणाऱ्या कोणत्याही सरळ रेषेवर तिथे मिनिमम दिसतो. पण दोन पॅराबोलांच्या मधून, य = १.५ क्ष² या वाटेने गेलात तर किंमत शून्याखाली जाते. म्हणजे मिनिमम नाहीच.

नकाशा उघडलाच आहे तर ग्रेडियंटचंही बोलू. अनेकांना वाटतं की ग्रेडियंटचा बाण डोंगराच्या अंगावरून आकाशाकडे जातो. तो नकाशाच्या कागदातच असतो. सर्वांत तीव्र चढ कोणत्या दिशेला आहे हे तो दाखवतो, आणि समान उंचीच्या रेषेला तो नेहमी काटकोनात असतो. दोन रेषांमध्ये कागदावर २ मिलिमीटर अंतर असेल तर जमिनीवर ते १०० मीटर झालं. तेवढ्यात २० मीटर चढ, म्हणजे त्या भागात ग्रेडियंटची लांबी साधारण ०.२. रेषा दाटल्या की बाण लांब. हे एकदा पेन्सिलने नकाशावर काढून बघा, मग डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हचं सूत्र पाठ करावं लागत नाही.

“इंटिग्रेशन पक्कं असलं की डबल इंटिग्रल येतंच”

अनुभव नेमका उलटा आहे. डबल इंटिग्रलमध्ये मुलांचे गुण जातात ते लिमिट्स लावताना, म्हणजे क्षेत्र ओळखण्यात. इंटिग्रेशनच्या ज्या करामती बारावीत घोटल्या त्यांपैकी थोड्याच इथे लागतात.

हे उदाहरण हाताने करून बघा. फंक्शन आहे ‘ई’चा क्ष² घात. आतलं इंटिग्रेशन क्ष चं, य पासून १ पर्यंत. बाहेरचं य चं, ० पासून १ पर्यंत. आतलंच अडतं, कारण या फंक्शनचं इंटिग्रल आपल्या ओळखीच्या फंक्शन्समध्ये लिहिता येत नाही, कितीही क्लास लावले तरी. आता पेन खाली ठेवून क्षेत्राची आकृती काढा. तो एक त्रिकोण आहे: खाली क्ष-अक्ष, उजवीकडे क्ष = १ ही उभी रेषा आणि तिरकी बाजू य = क्ष. हाच त्रिकोण उभ्या पट्ट्यांनी कापा. आता य जातो ० पासून क्ष पर्यंत, आणि क्ष ० पासून १ पर्यंत. आतलं इंटिग्रेशन य चं असल्यामुळे क्ष गुणिले तीच राशी मिळते, आणि पुढचं बारावीचा विद्यार्थी दोन ओळींत करतो. उत्तर (ई − १) भागिले २, म्हणजे सुमारे ०.८५९. सगळं काम आकृतीने केलं.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की क्रम हवा तेव्हा बदलावा. तेही धोक्याचं. (क्ष² − य²) भागिले (क्ष² + य²)² हे फंक्शन ० ते १ च्या चौरसावर घ्या. आधी य चं इंटिग्रेशन केलं तर उत्तर पाय भागिले ४ येतं. आधी क्ष चं केलं तर उणे पाय भागिले ४! शून्याच्या कोपऱ्यात फंक्शन बेफाम वाढतं, म्हणून क्रम बदलायची मुभा देणाऱ्या फुबिनीच्या प्रमेयाची अट तिथे मोडते. फंक्शन बंद, मर्यादित क्षेत्रावर कंटिन्युअस असेल आणि क्षेत्र साधं असेल तर क्रम निर्धास्त बदला; नसेल तर अट आधी वाचा.

पोलर कोऑर्डिनेट्समध्ये येणारा जादा ‘आर’ हाही असाच घोकला जातो. खरं कारण कागदावर दिसतं. एकाच छोट्या कोनात, केंद्रापासून १ ते १.१ अंतरामधला तुकडा आणि २ ते २.१ मधला तुकडा काढा. जाडी सारखी, पण दुसऱ्याची रुंदी जवळजवळ दुप्पट, म्हणून क्षेत्रफळही जवळजवळ दुप्पट. केंद्रापासून जेवढं लांब तेवढा तुकडा मोठा; तो हिशेब ‘आर’ ठेवतो. जेकोबियन म्हणजे हेच, कोणत्याही बदललेल्या चलांसाठी.

“ग्रीन, स्टोक्स, गाऊस ही तीन वेगळी सूत्रं पाठ करा”

तिन्हींमध्ये एकच गोष्ट सांगितली आहे: आत काय घडतंय त्याची बेरीज सीमेवर वाचता येते. बारावीतलं कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेयही हेच सांगतं. तिथे सीमा म्हणजे रेषेची दोन टोकं.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळ वडिलांच्या पवनचक्कीत काम करणाऱ्या जॉर्ज ग्रीन यांनी १८२८ मध्ये स्वखर्चाने एक निबंध छापला. शालेय शिक्षण जेमतेम झालेल्या या माणसाच्या निबंधातून त्यांच्या नावाचं प्रमेय पुढे आलं. स्टोक्सचं म्हणून ओळखलं जाणारं प्रमेय विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५० मध्ये स्टोक्सना पत्रातून कळवलं होतं. स्टोक्स यांनी ते १८५४ साली केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं, आणि ती परीक्षा देणाऱ्यांमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. मॅक्सवेल यांची विद्युतचुंबकत्वाची समीकरणं याच प्रमेयांच्या भाषेत लिहिली जातात.

डिप्लोमा सिव्हिलच्या सर्व्हेइंग प्रॅक्टिकलला प्लॅनिमीटर हाताळलेल्यांनी ग्रीनचं प्रमेय प्रत्यक्ष वापरलेलं आहे. जमिनीच्या नकाशावर यंत्राचं टोक फक्त हद्दीवरून एक फेरी फिरवायचं, आणि आतलं क्षेत्रफळ मिळतं. याकोब अम्स्लर यांचं हे यंत्र १८५४ चं.

एक अट मात्र कधीही सोडू नका. ‘कर्ल शून्य म्हणजे फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे क्षेत्रात भोक नसेल तेव्हाच बिनधास्त म्हणता येतं. (−य, क्ष) भागिले (क्ष² + य²) या फील्डचा कर्ल जिथे फील्ड आहे तिथे सगळीकडे ० आहे, तरी शून्यबिंदूभोवती एक फेरी मारली की इंटिग्रल २ पाय येतं.

“चौथी मिती डोळ्यांपुढे आणता आली पाहिजे”

कोणालाच येत नाही, आणि गरजही नसते. दोन-तीन चलांत चित्राने समजून घ्यायचं आणि पुढे बीजगणितावर भरवसा ठेवायचा.

“पुढे याचा उपयोग नाही”

न्यूरल नेटवर्क शिकतं म्हणजे लाखो-कोट्यवधी चलांच्या फंक्शनवर ग्रेडियंटच्या उलट दिशेने पावलं टाकतं. ही पद्धत ऑगस्तीन कोशी यांनी १८४७ मध्ये मांडली. तो ग्रेडियंट काढायची पद्धत, बॅकप्रॉपगेशन, म्हणजे याच विषयातला चेन रूल, शिस्तीने उलटा चालवलेला. कॉम्प्युटरच्या मुलांनी तरी हा विषय ऑप्शनला टाकू नये.

“गाइड आणि मागचे पेपर पुरतात”

पास व्हायला कदाचित पुरतील. शिकायला चांगली पुस्तकं आहेत आणि त्यांतलं एक आपल्याच माणसांचं आहे. आयआयटी मुंबईचे सुधीर घोरपडे आणि बाळमोहन लिमये यांचं मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचं पुस्तक स्प्रिंगरने २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. प्रमेयातली कोणती अट का लागते हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने ते वाचावं. आकृत्यांच्या अंगाने शिकायचं असेल तर देनी ओरू यांनी २००७ साली एमआयटीत दिलेली व्याख्यानं इंटरनेटवर फुकट आहेत.

पेपर राहिला असेल तर एक करा. पहिला आठवडा एकही इंटिग्रल सोडवू नका. पुस्तकातल्या प्रत्येक डबल इंटिग्रलचं नुसतं क्षेत्र काढा, आडव्या पट्ट्यांनी एकदा आणि उभ्या पट्ट्यांनी एकदा लिमिट्स लिहा, आणि दुसरं गणित घ्या.