तक्ता, पाकीट आणि पेटी

गेल्या वर्षी मंडळाच्या अगदी सुरुवातीच्या कार्यकारिणीतले एक काका गेले. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबांच्या बेसमेंटमध्ये मंडळाची एक पत्र्याची पेटी आहे. घर विकायला काढलंय. तुम्ही नेता, की टाकून देऊ?" टाकून कसली देता! आम्ही तिघे-चौघे शनिवारी सकाळीच व्हॅन घेऊन हजर झालो. पेटीत काय नव्हतं? सभांची इतिवृत्तं, पावतीपुस्तकं, देशातून आलेली निळी एरोग्रॅम्स, नाटकाच्या तालमींच्या कॅसेटी, गणेशोत्सवाचे फोटो, अंकासाठी आलेले हस्तलिखित लेख आणि तळाशी फ्लॉपी डिस्कचा एक डबा.

उत्साहाच्या भरात आम्ही ठरवलं, की हे सगळं कॉम्प्युटरवर घालायचं. आमच्यातले निम्मे लोक पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरचंच काम करतात. तेव्हा हे काम फार तर दोन वीकएंडचं, असा आमचा हिशेब! त्याला आता आठ महिने झाले आणि पेटी अजून अर्धीच रिकामी झाली आहे. पण कॉम्प्युटरला माहिती 'कळते' म्हणजे नेमकं काय होतं, हे घरच्याच सामानावर नव्याने शिकायला मिळालं. ते सांगावं, आणि शेवटी आपल्याकडे एक मागणं मागावं, म्हणून हा लेखप्रपंच.

तक्त्यातली माहिती

सर्वांत पटकन उरकली ती सभासदांची यादी. नाव, पत्ता, फोन, वर्गणी असे उभे खण आणि प्रत्येक सभासदाची एक आडवी ओळ. असा तक्ता एकदा तयार झाला, की "यंदा वर्गणी कोणी दिली नाही?" या नाजूक प्रश्नाचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत मिळतं. (खजिनदार खूष आहेत. बाकीच्यांनी सावध राहावं!)

ही सोय आज आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणाला तरी सुचावी लागली हेच आपण विसरतो. पूर्वी कॉम्प्युटरमधून माहिती काढायची, तर ती कुठल्या वाटेने कुठे ठेवली आहे हे आधी ठाऊक असावं लागे. १९७० साली आय.बी.एम.च्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी मांडलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. माणसाने फक्त 'काय हवं' ते सांगावं. ते 'कसं शोधायचं' ही कॉम्प्युटरची कटकट. १९७४ साली त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असे प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली, तीच आजची एस.क्यू.एल. बँकेचं खातं, विमानाचं तिकीट, विजेचं बिल, सगळीकडे आजही असे तक्ते आहेत.

पण तक्त्याची एक अट असते. खण आधी पाडावे लागतात, आणि ज्याने खण पाडले त्याच्या कल्पनेत आपण बसावं लागतं. आपली नावंच बघा ना. फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन खण. मधल्या खणात कोणाच्या वडिलांचं नाव, कोणाच्या नवऱ्याचं. लग्नानंतर बाईचे तीनही खण बदलले, की कॉम्प्युटरच्या लेखी ती नवीनच बाई! ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, त्यांच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफ.एन.यू.' छापून येतं, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन'. आईवडिलांनी हौसेने बारसं केलेला माणूस एका रिकाम्या खणापायी अनामिक होतो.

तारखांचीही तीच तऱ्हा. पेटीतल्या एका पावतीवर ३/४ अशी तारीख होती. लिहिणारे काका नवे आले असतील तर तो ३ एप्रिल, आणि इथे रुळले असतील तर ४ मार्च. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ साली ठरलं, ते याच घोळावर उपाय म्हणून.

आडनावांच्या स्पेलिंगसाठी तर इथे फार जुनी युक्ती आहे. 'साउंडेक्स' नावाच्या या पद्धतीचं पेटंट रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली घेतलं. आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. अमेरिकेच्या जनगणनेच्या याद्यांत माणसं शोधायला हीच पद्धत वापरली गेली. आमच्या यादीतल्या जोश्यांना ती लागू पडली. कोणी शेवटी 'आय' लावतं, कोणी 'डबल ई', पण आकडा एकच येतो. वाघांपुढे मात्र तिने हात टेकले! एक भाऊ 'डब्ल्यू'ने लिहितो, दुसरा 'व्ही'ने. पहिलंच अक्षर वेगळं, म्हणून सख्खे भाऊ दोन वेगळ्या कप्प्यांत. व आणि व्ह यांतला आपला घोळ बिचाऱ्या रसेलसाहेबांना कुठून ठाऊक असणार?

पाकिटातली माहिती

दुसरा प्रकार पाकिटासारखा. पाकिटावर नाव, पत्ता, तारीख ठरल्या जागी असतात, आत काय लिहावं याला बंधन नाही. आपलं ई-मेल हे त्याचं रोजचं उदाहरण. कोणाकडून, कोणाला, कधी आणि विषय काय, या ओळी वर. खाली मोकळा मजकूर. १९८२ साली पक्का झालेला हा साचा थोड्याफार सुधारणांनिशी अजून चालतो.

घराण्याच्या वंशावळीही अशाच. एका पिढीत आठ भावंडं, दुसऱ्या पिढीत एकुलता एक. कोणी दत्तक गेलेलं, कोणाची दोन लग्नं. याचा तक्ता करायचा म्हटलं, तर निम्मे खण रिकामे राहतात आणि उरलेल्यांत गोष्टी कोंबाव्या लागतात. म्हणून इथे आधी खण न पाडता प्रत्येक गोष्टीला जागच्या जागी चिठ्ठी डकवतात: हे नाव, हे जन्मगाव, हे माहेरचं आडनाव. ज्याला जितक्या चिठ्ठ्या लागतील तितक्या लावाव्या. वंशावळींसाठी असा एक साचा १९८४ साली मॉर्मन चर्चने काढला. आणि सर्व प्रकारच्या माहितीसाठी चिठ्ठ्या लावण्याची एक्स.एम.एल. ही पद्धत १९९८ साली प्रमाण ठरली.

आपल्याला हे काही अगदी नवं नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या आठवा. गाव आणि आडनाव सांगितलं, की गुरुजी बरोबर चोपडी काढतात. आत मात्र आलेल्या प्रत्येकाने आपापल्या हाताने जे सांगावंसं वाटलं ते लिहिलेलं असतं. वरून शिस्त, आत मोकळीक. पणजोबांची सही अशा चोपडीत सापडल्यावर डोळ्यांत पाणी आलेली मंडळी आपल्यातही आहेत.

पेटीतली माहिती

आणि मग पेटी. यातल्या कशालाच खण नाही, चिठ्ठी नाही. स्कॅन केलं की झालं, असा आमचा समज होता. तो पार चुकीचा निघाला. स्कॅन केलेला फोटो म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली, तर दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं. या आकड्यांच्या डोंगरात 'हसणारी ती कोण' हे कुठेही लिहिलेलं नसतं.

फ्लॉपींनी तर आमची परीक्षाच पाहिली. त्यांत आपल्या जुन्या अंकांचे लेख होते, पण उघडल्यावर रोमन अक्षरांची नुसती खिचडी! कारण त्या काळी मराठी फाँट म्हणजे एक सोंग होतं. फाइलमध्ये रोमन अक्षरंच साठवलेली असत आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवी. फाँट हरवला, की मराठी गेली. १९९१ साली युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. 'क' म्हणजे २३२५, मग फाँट कुठलाही असो. शेवटी छापील अंक शेजारी ठेवून, कुठलं रोमन अक्षर म्हणजे कुठलं मराठी, याचा कोष्टक आम्ही स्वतः बसवला. त्यातही ऱ्हस्व वेलांटीने छळलं. ती अक्षराच्या आधी काढतात म्हणून जुन्या फाइलीत आधी, आणि युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. प्रत्येक 'कि' आणि 'मि' उलटावा लागला.

मजकूर हाती आल्यावरही शोध सोपा नाही. कॉम्प्युटर पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची करतो: हा शब्द, या या पानांवर. पण 'पुणे' शोधलं, तर 'पुण्याहून निघालो' आणि 'पुण्याची आठवण' हाती लागत नाही, कारण आपली भाषा प्रत्यय लावताना शब्दाचं रूपच बदलते. इंग्रजीत न भेडसावणारी ही अडचण मराठीसाठी मुद्दाम सोडवावी लागते.

मग आजची नवी, 'हुशार' यंत्रं कशाला आहेत, असं आपण म्हणाल. तीही वापरली. प्रचंड मजकूर वाचून, कुठल्या शब्दानंतर कुठला येतो हे ती शिकलेली असतात आणि शब्दांची आकड्यांच्या लांबलचक मालिकांत मांडणी करतात. 'आई' आणि 'माता' त्यामुळे शेजारी येतात. या युक्तीने एक पत्र सापडलं, ज्यात 'परत जाणं' हे शब्द नव्हते, पण सगळं पत्र त्याचंच होतं. हे कौतुकास्पद आहेच. पण दुसऱ्या एका पत्रात यंत्राने 'वाई'चं 'वसई' केलं, आणि वाक्य इतकं सफाईदार उतरवलं, की ते चुकलंय अशी शंकाही आली नाही. मूळ पत्र शेजारी नसतं, तर त्या घराण्याचं गावच बदललं असतं.

साडीवरून साल

आता मुख्य गोष्ट. पेटीत पहिल्या गणेशोत्सवाचा एक फोटो आहे. बावीस माणसं, आणि मागे एक अक्षर नाही. इथेच जन्मलेली एक मुलगी यात आपली आजी शोधत होती. सभासदांच्या तक्त्यात तिला आजीचा सभासद क्रमांक, पत्ता आणि भरलेली वर्गणी मिळाली. आजी मिळाली नाही.

मग आम्ही तो फोटो घेऊन मंडळाच्या एका जुन्या काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अगं, ही माझी साडी! हिच्याकडे नेसायला चांगलं काही नव्हतं, म्हणून मी दिली होती. माझ्या भावाच्या लग्नातली." भावाचं लग्न कधीचं ते त्यांना पक्कं आठवत होतं, त्यावरून फोटोचं साल लागलं. आणि साडी नेसलेली ती बाई म्हणजेच त्या मुलीची आजी. अर्ध्या तासात काकूंनी चौदा जणांची नावं सांगितली. उरलेल्या आठ जणांसाठी दुसरे फोटो घेऊन पुन्हा जायचं ठरलं होतं. आम्ही आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मध्यंतरी काकूंना झटका आला. आता त्या फोटोकडे बघून हसतात, पण बोलता येत नाही. ते आठ जण अजून तसेच आहेत.

म्हणून मंडळी, मागणं असं. यंत्रं सुधारतील, पण जे कधी लिहिलंच गेलं नाही, ते त्यांना सापडणार नाही. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं, गाव आणि साल लिहा. बायकांची माहेरची नावंही लिहा. महिना अक्षरात लिहा. आजी-आजोबांचं बोलणं टेप करताना सुरुवातीला कोण बोलतंय, कुठे आणि कधी, हे त्यांनाच सांगू द्या. फोनवर आलेले फोटो नुसते पुढे ढकलू नका; अशा प्रवासात त्यांच्याबरोबरची तारीख बहुधा गळून पडते.

दिवाळीच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशेजारी आम्ही तो फोटो मांडून बसणार आहोत, पेन्सिलीसकट. आठ जण बाकी आहेत. येताना घरातल्या ज्येष्ठांना नक्की घेऊन या.